पाण्याला हात लावणारी

२ जून
आज सासरी आले. घर बेकरीच्या मागेच, त्यामुळे उशीलासुद्धा ताज्या पावाचा वास. माणसं हसरी आहेत. चहाने जीभ पोळली आणि मी ओरडलेच, तर सासूबाईंनी नणंदेकडे असं पाहिलं, जणू मी गाणं म्हटलं. मला बघायला आल्या तेव्हाही त्यांनी चिमटा काढून पाहिला होता. माहेरी आम्ही पोट धरून हसलो होतो.

९ जून
इथे संध्याकाळी सगळे पाय पसरून बसतात आणि एकमेकांचे तळवे तपासतात. नणंदेच्या टाचेतून काच निघाली. बाईसाहेबांच्या गप्पा चालूच! नवरा भट्टीतले ट्रे नुसत्या हातांनी ओढतो. त्याच्या करंगळीला टोक नाही, तेही भट्टीनेच खाल्लं असणार. सासूबाई म्हणाल्या, या घराण्यात कुणाला दुखलेलं की भाजलेलं कळत नाही, रक्तातच आहे ते. म्हणून अंघोळीच्या पाण्याला आजवर त्या आधी हात लावायच्या, आता मी लावायचा. त्यासाठीच तुला आणली, असंही म्हणाल्या, अगदी मायेने. संताप आला. मग सासऱ्यांचे बोटं नसलेले पाय दिसले, आणि मी उठून बादलीत हात घातला.

२ एप्रिल
मुलगी झाली. जन्मताच टाहो फोडला! पोटात होती तेव्हापासून एकच मागणं होतं, हिला दुखू दे. कुठली आई असं मागते?

१६ मे
लस टोचून आणली. सुई आत गेली तेव्हा पोरगी नर्सबाईंचा चष्मा बघत होती. किती गुणाची, म्हणाल्या त्या. मला रस्ताभर रडू आवरेना.

१७ मे
चिमटा काढला. पुन्हा काढला, जोरात. दंड काळानिळा झाला.
ती हसली.

१ ऑक्टोबर
दात आले. मी पेढ्यासारखी बातमी वाटायला गेले, तर सासूबाई हातातलं काम टाकून धावल्या. बाळाच्या हातांना जाड मोजे बांधले. कितीही किरकिरली तरी सोडायचे नाहीत, म्हणाल्या. का ते विचारलं. नवऱ्याने करंगळी मुठीत लपवली.
भट्टी नव्हती तर ती.

४ ऑक्टोबर
दिवसभर किरकिर. मोजे लाळेने चिंब. काढून वाळत घातलेत – घटकाभराचं काय –
बादलीतलं पाणी बघून आले. आता शांत आहे. पाळण्यात खिदळतेय. काहीतरी चघळतेय वाटतं, चपचप –
पण पाळण्यात तर मी काहीच ठेवलं न