फेटा सोडून बाकी सगळं

इंझोरी, १८ ऑगस्ट २०२५

चि. शिवम यास धीरजदादाचा आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडणच होते, म्हून आईनं पत्र लिहाले लावलं. तुह्या त्या योद्धा-बाहुल्याचा डबा घरच्या पत्त्यावर आला. नऊ हजार! अन् संगं काय, तर डब्यावर लिवल्यापरमानं एक तलवार अन् हातांची एक जादा जोडी. बदलाले चेहरा नाई, उभं कराले स्टँड नाई. माह्या तीन हजाराच्या योद्ध्याले बदलाले आठ हात अन् तीन चेहरे हायेत. लुटलं बे तुले, वापस कर. मी काही जळून नाई राह्यलो.

लोभ असू दे, अक्कलही असू दे.

तुहा धीरज

पुणे, २३ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न.

तू जळूनच राह्यला. दोघांले एकच छंद, अन् पयल्यांदा माह्यावाला भारी निंगाला, हेच तुह्यं दुखणं. असे शंभरच बनले, त्यात सामान कायले मोजतं? हात जोडतो, सील तोडू नोको. तुटलं की किंमत गेली. दिवाळीले येऊन नेतो.

आईले नमस्कार. राग सोड, माया ठेव.

शिवम

इंझोरी, ३ सप्टेंबर

चि. शिवमले आशीर्वाद.

सील तुटलं. महालक्ष्म्यांच्या आराशीत शिवमचा बाहुला ठेवू काय, असं आईनं इचारलं. मी नाई म्हणू शकत होतो. कैची मीच आणून देली.

तवा जळत होतो, आता त्याहून जास्त जळतो. त्याचं डोकं तिले उघडं दिसलं, म्हून जुन्या लुगड्याचा काठ कापून तिनं बोटभर फेटा शिवला. दोन दिवस चष्मा लावून बसली. आल्यागेल्या बायांले सांगे, माह्या शिवमचा हाये. माह्यावाला पाच वर्षांपासून याच घरात उभा हाये, त्याच्याकडं कधी पाह्यलं नाई तिनं. मी रोज डोयासमोर, मंग माह्यं काय दिसनार?

माफ करशीन तर कर.

धीरज

पुणे, ८ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

आधी शिव्या देल्या, मंग रडलो. तू रोज तिच्या हातची भाकर खातं, अन् मी इथं तुह्यावर जळतो. योद्धा, तलवार, डबा, सगळं तूच ठेव. मले फक्त फेटा पाठव.

तुहाच, शिवम

इंझोरी, १२ सप्टेंबर

चि. शिवमले आशीर्वाद.

योद्धा, तलवार, हात, फाटका डबा, सगळं आजच्या बसनं पाठवलं. फेटा भेटनार नाई. तो मी माह्यावाल्याच्या डोक्यावर चढवला. आईनं पाह्यलं. जरा ढिला होत होता, म्हून तिनंच सुई घेऊन एक टाका मारून देला.

लोभ कमी करू नोको.

धीरज