ड्रायव्हरच्या बाजूचा अर्धा इंच

अप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पिकअपचं नाक वर करून घ्यायला लोक अजून श्रीरामपूरला आपल्याच शेडमध्ये येतात. उसाच्या ट्रॅक्टरांनी शेतरस्त्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल केल्यात की मधला उंचवटा इंजिनाच्या बुडाला घासतो, तेव्हा गरज खरीच असते. काही नुसते हौशी असतात, त्यांना गाडी रुबाबदार दिसायला हवी असते. त्यांना मी तुमच्यासारखाच चहा पाजून परत पाठवते. आज सकाळी राहुरीकडचा एक जण आला. त्याची गाडी टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांकडे इंजिनाचा शाफ्ट जात नाही, म्हणून पुढून हवी तेवढी उचलता येते असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवून दिलेलं. चार इंच मागत होता. मी त्याला दीडवर आणला, कारण त्यापुढे गेलं की सांधे तिरके होतात आणि टायर एका कडेने खाल्ले जातात. हे सगळं तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, पण सवय जात नाही.

मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा सोबत शिलाई मशीन होतं आणि गळ्यात टेप. तुम्ही कारण विचारलं नाहीत. महिनाभर मी तुमचा डबा घेऊन शेडवर येत होते आणि एक दिवस तुम्ही गाडीखालून म्हणालात, "जायची घाई न्हाई ना? मग एवढा जॅक धर." त्यानंतर मी घरी बसलेच नाही. टॉर्शन बार म्हणजे काय हे मला तुम्ही कधी समजावून सांगितलं नाहीत, तुम्ही समजावणाऱ्यातले नव्हतातच. चाकापासून मागे चेसिसपर्यंत गेलेली पोलादी सळई, तिच्या मागच्या टोकाला बोल्ट. बोल्ट आवळला की सळईला पीळ बसतो आणि गाडी त्या बाजूने उचलली जाते. डावीकडे एक, उजवीकडे एक. हे मी बघून बघून शिकले. पहिल्यांदा मी गळ्यातली टेप काढून चाकाच्या कमानीला लावली तेव्हा गिऱ्हाइकासमोरच तुम्ही म्हणालात, "टेपनं ब्लाऊज बेततात. गाडी डोळ्यानं बघायची असती." गिऱ्हाईक हसलं. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

तुमची पद्धत मला पाठ आहे. बोल्ट आवळायचे, गाडी चार हात मागेपुढे ढकलून बसू द्यायची, मग समोर दहा पावलं मागे जाऊन एक डोळा मिटायचा. त्याआधी मात्र चहा आणि गप्पा. बाजारला एकटाच जातोस का, शेजारी कोण बसतं, बायको येती का बरोबर, कांदा नेतोस का दुधाचे कॅन. एका लठ्ठ माणसाला तर तुम्ही सरळ विचारलंत, "जेवण झाल्यावर किती भरतोस रं?" मला वाटायचं, म्हातारपणी माणसाची जीभ सैल होते ती अशी. काम पडलंय आणि हे चौकशा करत बसलेत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तुम्ही शेडवर परत आलात. एकदा तुम्ही जेवायला घरी गेलेले असताना मी सहज टेप लावली. ड्रायव्हरची बाजू अर्धा इंच वर होती. पुढच्या गाडीलाही तेच. अप्पांचा डोळा गेला, आणि हे त्यांना कळता कामा नये, एवढंच तेव्हा मनात आलं. मी उजवीकडचा बोल्ट सैल करून दोन्ही बाजू सारख्या केल्या. तुम्ही वामकुक्षी करून येईपर्यंत गाडी निघून गेलेली असायची. वर्षभर मी हे करत होते, आणि खरं सांगते, मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. बापाची लाज राखणारी मुलगी.

मग त्यांतलाच एक दूधवाला परत आला. "अप्पा, गाडी माझ्याकडं झुकती." मी टेप लावून दाखवली, दोन्हीकडे सारखं. म्हटलं, "तुमचा भास आहे भाऊ." तो कुरकुरत गाडीत बसला आणि निघाला, आणि तुम्ही दारात उभं राहून ती जाताना बघितलीत. झुकत होती. त्या महिन्यात आणखी दोघे आले. तिसरा गेल्यावर तुम्ही मोठा पाना कपड्याने पुसला आणि माझ्यापुढे धरलात. "घे. आता तूच बघ. माझा डोळा गेला." मी नुसती मान हलवली, कारण मलाही तसंच वाटत होतं. त्यानंतर तुम्ही खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेलाही आला नाहीत.

दोनेक महिन्यांनी पिकअपवर भाजी विकणारी एक बाई आली, अंगाने चांगली दांडगी. तिने मला सांगितलं, "ताई, अप्पांनी चार वर्षांमागं केल्ती तवा मी बसले की गाडी सरळ व्हायची. औंदा तुमी केली तर मी बसले की खाली जाती." मी तिला गाडीत बसवलं आणि टेप लावली. उजवी बाजू अर्धा इंच खाली. ती उतरली, दोन्ही सारख्या. पुन्हा बसवलं. तिला वाटलं असेल, ही काय खुळी आहे. तुम्ही चौकशा करत नव्हतात, माणूस तोलत होतात. तुमचा अर्धा इंच मी वर्षभर पुसत होते.

संध्याकाळी सांगायचं ठरवूनच घरी आले. तुम्ही खाटेवर बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतात. आईला विचारत होतात, "ते वाकडं लागलंय का सरळ?" आई म्हणाली सरळ आहे, तरी तुमचा विश्वास बसेना. माझ्याकडे वळून तुम्ही विचारलंत, "आज काही विशेष?" मी म्हणाले, "काही नाही."

त्यानंतर तुम्ही दहा महिने होतात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिले असं मी आजवर सगळ्यांना सांगितलंय, आईलासुद्धा. ते खरं नाही. लोक तेव्हा शेडवर येऊन ताई कुठे आहेत असं विचारायला लागले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला शोधत येत होतं. तुम्हाला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही शेडवर आला असतात, आणि मी पुन्हा जॅक धरला असता. अप्पा, मला तुम्ही परत यायला नको होतात.