आतला माईक

२१ एप्रिल, सोमवार
सकाळच्या एसटीनं कन्नडहून निघाले आणि दहाला शहरात, उस्मानपुऱ्यातल्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या दारात उभी! पहिली नोकरी. मालक अप्पाराव पन्नाशीचे, हळू बोलणारे. प्रेरणाताई म्हणाले मला, आणि चहा स्वतः करून दिला. अलीकडच्या खोलीत मिक्सर आणि माझी खुर्ची. काचेपलीकडं वादकांची खोली. तिचं जाड दार लागलं की रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा ऐकू येत नाहीत. आत बावीस इंची बेस ड्रम आहे. पुढच्या कातड्याला हात जाईल एवढं भोक. बघूनच हरखले.

२३ एप्रिल, बुधवार
दिवसभर बेस ड्रमच. माईक आत घातला. पायातल्या पेडलचा बीटर कातड्यावर आदळतो तिथून चार बोटांवर ठेवला की नुसती 'टक' येते. मागं ओढून भोकाच्या तोंडाशी आणला की 'धम्म' भरतं. आत उशी ठेवली, कातड्याला जेमतेम टेकेल अशी, म्हणजे घुमणं आवरतं. दुसरा माईक बाहेर, हातभर लांब. त्याच्यावर आईनं दिलेली गोधडी बोगद्यासारखी पांघरली. दोन्ही एकत्र केले तर आवाज पातळ झाला. मग मिक्सरवर बटण दाबून एका माईकची लाट उलटी केली, म्हणजे दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत, आणि ठोका थेट छातीत बसला. खूश होऊन अप्पारावांना ऐकवायला गेले. ते म्हणाले, आत माईक नको, बाहेरचा पुरे. कारण सांगितलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
अप्पाराव जेवायला गेले की मी आतला माईक लावते. आज रेकॉर्डिंग ऐकताना माझ्या ठोक्यांच्या मधे दुसरे ठोके सापडले. मी पेडलवरून पाय काढल्यानंतरचेही. बाहेरच्या माईकमधे ते नाहीत. वायर बदलली, माईक बदलला, तरी आहेतच. ताल कुठलाच नाही. तीन जोरात, जरा थांबून पुन्हा तीन. आतून कुणी दार वाजवतंय तसे.

२८ एप्रिल, सोमवार
जिन्यात एक म्हातारी बसलेली असते. आज पाणी दिलं तेव्हा बोलली. यमुनाबाई, देवगाव रंगारीच्या. त्यांचा शिवराज इथं ड्रम वाजवायचा. गेल्या वर्षी मे महिन्यात वादकांच्या खोलीतच गेला. कागदावर उष्माघात लिहिलंय. तो किती वेळ आत होता एवढंच त्यांना विचारायचंय, आणि अप्पाराव त्यांना वर येऊ देत नाहीत.
दुपारी अप्पाराव नसताना मी त्यांना आत आणलं, हेडफोन दिला. रडल्या नाहीत. डोळे मिटून सगळं ऐकलं.
"माजंच लेकरू हाय," म्हणाल्या. मग माझं मनगट धरलं. "तुज्या मालकाला बी आत घाल. दार मी लावते."
मी नाही म्हटलं. हात सोडवून घेतला.

३० एप्रिल, बुधवार
अप्पारावांना सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही. शिवराज पुण्याच्या स्टुडिओत चालला होता. त्याआधी एक गाणं बिनचूक वाजवून दे म्हणून ह्यांनी बाहेरून कडी घातली. आतून उघडायची सोय नव्हती, अजूनही नाही. एसी बंद केला. तो ओरडून थकला, मग पायानं ड्रम बडवत राहिला. दुपारी एकपासून पाचपर्यंत. अप्पाराव हेडफोन लावून ऐकत होते.
"मला वाटलं, नाटकं करतोय," म्हणाले, आणि चहा संपवला.
त्यांचा कप मी कचऱ्यात टाकला.

२ मे, शुक्रवार
आतला माईक काढून डब्यात ठेवला. तरी हेडफोनमधे — तीन. थांबून तीन. आता मधलं थांबणं कमी झालंय.
अप्पारावांनाही ऐकू येतंय. चेहरा बघितला त्यांचा.

५ मे, सोमवार
दुपारचे दोन. वीज गेलीय, एसी बंद. मिक्सर इन्व्हर्टरवर. अप्पाराव कात्री घेऊन आत गेले, ड्रमचं कातडं फाडतो म्हणाले. यमुनाबाई वर कधी आल्या कळलं नाही. कडी त्यांनी घातली. मी बघितलं. उठले नाही.

तीन दहा. ते काचेवर हात मारतायत. ड्रमबाहेरच्या माईकमधून सगळं ऐकू येतंय. मी मिक्सरवरचं, आतल्याशी बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "नाटकं करू नका, सर." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

चार. अप्पाराव दिसत नाहीत. ड्रम वाजतोय. पेडल हलतंय, आणि स्टुलावर कुणी —

साडेचार. नको होतं हे. उघडायला गेले. यमुनाबाई अडवत नव्हत्या, उलट बाजूला सरल्या. आत भट्टी. अप्पाराव भिंतीशी, डोळे उघडे, अंग — गेलेत. नाडी बघायला वाकले आणि मागं दार लागलं, बाहेरून कडी पडली.

वही हातातच होती. काचेपलीकडं माझ्या खुर्चीत यमुनाबाई. हेडफोन कानाला. बटण त्यांना सापडलं.
"तू बी ऐकतच बसलीस की, बाई."
ओरडले. हात जोडले. त्या बघतायत नुसत्या —

ड्रम थांबला. स्टूल मागं सरकलं. शिवराज उठून माझ्याकडं