अकरा माणसांचा हाउसफुल

३ मार्च, शुक्रवार

दादाचा सिनेमा आज लागला. साठ चित्रपटगृहं, दिवसाला चार खेळ. दुपारी बारापर्यंत खरी तिकिटं ४०२.

सव्वाबाराला वितरणाचे साहेब टेबलापाशी आले. भरती सुरू कर म्हणाले. मी जरा थांबले असेन, कारण वर हसून म्हणाले, "घरचं कार्य समज."

भरती म्हणजे काय, हे ऑफिसात कोणी कुठे लिहीत नाही. इथे लिहिते. स्टुडिओ आपल्याच सिनेमाची तिकिटं आपणच घेतो. शेकडो नावं, शेकडो फोन नंबर. तिकिटांच्या नकाशावर खुर्च्या लाल होतात, आकडा फुगतो, आणि तो दाखवून सिनेमा पुढे चॅनेलवाल्यांना विकला जातो. प्रोग्रॅम माझा आहे. आधीचा पहिल्या रांगेपासून सरसकट खुर्च्या उचलायचा — शाळेची सहल आल्यासारखं दिसायचं. माझा माणसासारखा निवडतो. मधल्या रांगा आधी, कुठे जोडी, कुठे चौघं, आणि अनोळखी माणसं बसतात तशी मध्ये एक खुर्ची सोडून. बाहेरून आकडे तपासणाऱ्या संस्थेलाही दोन वर्षांत फरक कळलेला नाही. तेव्हा शाबासकी मिळाली होती. आवडली होती, खोटं कशाला बोलू.

रात्री जेवताना दादाने फोन सगळ्यांसमोर धरला. खुर्च्यांचा नकाशा, जवळजवळ सगळा लाल. आई चष्मा लावून बघत राहिली. वहिनी म्हणाली, याला आता दृष्ट लागेल. सातवा महिना आहे तिला. मी आमटी वाढून घेतली.

४ मार्च, शनिवार

खरी : २,७१०. जाहीर : ४८,०००.

५ मार्च, रविवार

रविवारचा आकडा रविवारी दुपारी एकला बाहेर जातो. सोमवारच्या पेपरांना हवा असतो. म्हणजे संध्याकाळचे दोन खेळ व्हायच्या आत त्यांना किती माणसं आली हे आम्ही सांगून मोकळे!

प्रसिद्धी विभागातल्या गृहस्थांना सगळे गोळाबेरीज म्हणतात. तोंडावर नाही. मी ४६,३०० पाठवलं, त्यांनी पन्नास छापलं. मी विचारलं तर म्हणाले, "बाळ, सेहेचाळीस वर्षांचा माणूस पन्नाशीकडे झुकला असंच म्हणतात की नाही?" मी म्हटलं, त्याला पन्नासाव्या वाढदिवसाचा हार कोणी घालत नाही. हसले, आणि पन्नासच ठेवलं.

७ मार्च, मंगळवार

दादाला पत्र आलंय. परगावच्या प्रशिक्षण संस्थेत संकलन शिकवायची कायमची जागा. राहायला घर. अट एकच — पाच वर्षं बाहेरचा सिनेमा करायचा नाही. वीस तारखेपर्यंत कळवायचं आहे.

सहा महिन्यांपूर्वी त्यानेच अर्ज केला होता, वहिनीच्या आग्रहावरून. गेली चार वर्षं घर तिच्या पगारावर चाललंय. मे महिन्यानंतर ती घरी असेल.

आज त्याने ते पत्र वाचून घडी करून वहिनीकडे दिलं आणि म्हणाला, डब्याखाली घालायला होईल. वहिनीपण हसली. चार दिवसांपूर्वी हसली नसती. आता घराघरात पेपर आलाय ना — चौथ्या दिवशीही हाउसफुल. आईने कात्रण कपाटाच्या दारावर आतून लावलंय. बाहेरून लावलं तर दिखावा होतो म्हणे.

दुसऱ्या सिनेमाची संहिता दादाने मला वाचायला दिली. एकशे दहा पानं. स्टुडिओ हाही करणार असं साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंय. खांद्यावर हात — म्हणजे कागदावर काहीच नाही.

९ मार्च, गुरुवार

अकराला बैठक. साहेब, गोळाबेरीज, चॅनेलकडचे दोघं आणि तक्ते दाखवायला मी. चॅनेलवाले खूश होऊन गेले. दार लागल्यावर गोळाबेरीज म्हणाले, दिग्दर्शकाचं दुसरं कधी घेताय?

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होते. मग म्हणाले, "याचं दुसरं कोण करणार? हा सिनेमा पुढच्या मोठ्या सिनेमाबरोबर चॅनेलच्या गळ्यात मारायला होता. पण करार होईतोवर त्याला खूश राहू दे. मुलाखती देतोय, चेहरा बरा आहे."

आणि मला : हे इथेच राहू दे हं. तू सही केलेली आहेस.

केलेली आहे. नोकरीला लागताना, चार पानी कागदावर. ऑफिसातला आकडा बाहेर गेला तर नोकरी जाते, शिवाय कोर्ट.

१० मार्च, शुक्रवार

पहिला आठवडा. जाहीर : ३,४०,०००. खरी : १८,३१२.

११ मार्च, शनिवार

स्वतः जाऊन बघितल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला कॉलेजात शिकवलंय. पावणेतीनच्या खेळाला गेले. वहिनी बरोबर येते म्हणाली, नको म्हटलं. मला सिनेमा एकटीनेच बघता येतो.

संगणकावर २४० पैकी २११ खुर्च्या गेलेल्या. तिकीट तपासणाऱ्याने माझं तिकीट फाडलं आणि आत बॅटरी मारून म्हणाला, "हाउसफुल आहे. बसा कुठंही."

अकरा माणसं. मी धरून बारा. दुसऱ्या रांगेत एक म्हातारं जोडपं, मागे तिकिटांवरचे नंबर सोडून एकत्र बसलेल्या कॉलेजातल्या चार मुली, डावीकडे एक बाई आणि तिची मुलगी, बाकी एकेकटे पुरुष तिघं.

पडद्याकडे मी कमी पाहिलं. त्यांच्याकडेच पाहत होते. मध्यंतरानंतर बापलेकीचा तो दवाखान्यातला प्रसंग येतो — दादाने चौदा वेळा परत जोडला होता, मी तेव्हा कंटाळून उठून गेले होते. आज तिथे कोणी खोकलंसुद्धा नाही. मुलींतली एक रडत होती. संपल्यावर दिवे लागले तरी म्हातारेबुवा उठेनात. त्यांची बायको म्हणाली, चला, ते झाडायला आलेत.

सिनेमा चांगला आहे. मला हे आधी कळलं नव्हतं. पण चांगला आहे हा आकडा नव्हे.

१२ मार्च, रविवार

दादाने आज त्या संस्थेला नकार लिहायला घेतला. पहिलाच शब्द तीनदा खोडला. "नकार देण्यात मी नवीन आहे," म्हणाला, "आजवर फक्त घेतलेत." उद्या पाठवतो म्हणून ठेवून दिलं.

१३ मार्च, सोमवार

आज पाठवलं नाही त्याने. नशीब.

ऑफिसात दिवसभर एकच काम केलं. प्रत्येक खेळाची खरी तिकिटं वेगळी काढली, भरतीची वेगळी. तीनदा ताडून पाहिलं. वाटलं होतं माझ्याच हिशोबात चूक असेल. नाही. खेळामागे अकरा. शनिवारी डोळ्यांनी मोजलेलेही अकरा. इतकं जुळतं तेव्हा खरं असतं.

१४ मार्च, मंगळवार

सांगायचं. ठरलं.

न सांगितलं तर तो संस्था सोडेल, स्टुडिओ त्याला सहा महिने चहा पाजेल, आणि मग फोन उचलणार नाही. तोवर बाळ आलेलं असेल. सांगितलं तर माझी नोकरी जाऊ शकते. दुसरी मिळेल. त्याला दुसरी जागा मिळणार नाही.

१५ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत दादाच्या संकलनाच्या खोलीवर गेले. दोन पडदे, एक मोडकी फिरती खुर्ची, खिडकीला गोधडी ठोकलेली. मला बघून म्हणाला, या मोजपट्टी! आज इकडे कुठे वाट चुकली? लहानपणापासून मला मोजपट्टीच म्हणतो.

मी सोमवारच्या आकड्यांचा कागद दिला. भरती म्हणजे काय ते सांगितलं. प्रोग्रॅम माझा आहे, हेही सांगितलं. बैठकीत साहेब काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता माझा. हात खिशात होते.

त्याने कागद दोनदा वाचला. मग खुर्ची थोडी फिरवली, परत आणली. चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. विचारलं —

"पण खुर्च्या तुम्हीच अडवल्यात ना? मग लोक बसणार कुठे?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, उत्तर तयार होतं. भरती कधीच पूर्ण करत नाही, संशय येतो. प्रत्येक खेळाला मध्ये मध्ये सोडलेल्या चाळीस खुर्च्या मोकळ्या असतात. चाळीसपैकी अकराच गेल्या. एकोणतीस तशाच राहिल्या. रोज. प्रत्येक खेळाला. कोणाला यायचं असतं तर जागा होती.

"जागा होती," तो म्हणाला.

मी म्हटलं, होती.

"म्हणजे लोकांनाच नको होता."

 आकडा तेच सांगत होता.

त्याने पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, वेड लागलेल्या माणसाला वेड्यांच्या डॉक्टरने सांगावं तसं सांगितलंस, एकदम स्वच्छ. वर हसला. जाताना जिन्यापर्यंत आला. "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर जळतोय म्हटलं असतं. तू म्हणालीस म्हणजे आहे."

१६ मार्च, गुरुवार

वहिनीला त्याने माझं नाव न घेता सांगितलं. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, तूच ना? मी भाजी चिरत राहिले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, बरं केलंस बाई, नाहीतर बुडालो असतो. मग सिंकशी उभी राहून रडली. नळ सोडून.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगायचं नाही असं तिघांनी न बोलता ठरवलंय.

१८ मार्च, शनिवार

दादाने होकार पाठवला. पाच वर्षांच्या अटीवर सही केली.

संहितेची प्रत मी परत द्यायला गेले तर म्हणाला, ठेव तुझ्याकडे, पाठकोऱ्या कागदांवर आकडेमोड होईल. मी ठेवली नाही. त्याने ती पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली, खोक्यावर जुन्या वायर टाकल्या.

दुसऱ्या सिनेमासाठी जमवलेल्या चमूतल्या कॅमेरावाल्याचा फोन आला होता. दादा त्याला म्हणाला, अरे लोकांना नको असताना त्यांच्या गळ्यात कशाला मारायचा. तीन-चारदा तेच वाक्य. इतक्या हलक्या आवाजात की समोरच्याने परत परत विचारलं असणार.

२१ मार्च, मंगळवार

जाहीर : पाच लाख. गोळाबेरीज यांनी पेढे वाटल्यासारखे पेन वाटले, पाच लाखांचा शिक्का मारलेले. माझंही आहे. ड्रॉवरमध्ये टाकलं.

२३ मार्च, गुरुवार

उद्यापासून सिनेमा उतरतोय. चॅनेलशी करार झाला, आता भरतीची गरज नाही, आणि भरतीशिवाय चित्रपटगृहं ठेवायला तयार नाहीत.

साहेबांनी विचारलं, भाऊ काय म्हणतो? मुलाखतींना येत नाही हल्ली. मी म्हटलं, परगावी नोकरी घेतली. ते म्हणाले, शहाणा आहे.

२५ मार्च, शनिवार

सकाळी टेम्पोत सामान भरलं. दोघं गेले. आई खिडकीत उभी होती. म्हणाली, एवढा चाललेला सिनेमा, आणि हा मास्तरकी करायला निघाला. काही कळत नाही बाई या मुलाचं. मग कपाट उघडून कात्रणं नीट एका खाली एक लावत बसली.

दादाने निघताना माझ्या डोक्यावर टपली मारली. कित्येक वर्षांत मारली नव्हती. "आपण वाचलो तुझ्यामुळे," एवढंच म्हणाला.

२६ मार्च, रविवार

संध्याकाळी मावशी आणि काका आईला भेटायला आले. मावशी आल्या आल्या हळहळायला लागली — पोराचा सिनेमा बघायचा राहूनच गेला. तीनदा गेलो गं! मी म्हटलं, जागा असायच्या की, प्रत्येक खेळाला चाळीस.

"असायच्या ना. खिडकीवरचा मुलगा म्हणायचा, एकेक आहे, लांब लांब. एक या टोकाला, एक त्या टोकाला. तुझे काका म्हणाले, वेगवेगळं बसून कसला सिनेमा बघायचा? चल घरी. आमच्या मागे केवढी रांग होती, तीही सगळी परत फिरली."

काका म्हणाले, चहा घेतला आणि आलो.

मी उठून आत गेले. कशासाठी गेले ते आठवेना.

२७ मार्च, सोमवार

तिकीट फोनवर काढा नाहीतर खिडकीवर, पहिला प्रश्न येतो : किती जण? उत्तर देऊन, मोकळ्या खुर्च्या बघून, तिकीट न घेता गेलेल्यांची नोंद राहते. मी ती कधीच उघडली नव्हती. आज उघडली. पहिला आठवडा. एकच फोन पुन्हा आला तर एकदाच धरला.

परत गेलेली माणसं : ५८,६१६.
तिघं किंवा जास्त मिळून आलेले : १९,९५५.
दोघं दोघं आलेले : ३८,६२०.
एकट्याने आलेले : ४१.

बाकी सगळ्यांना शेजारी शेजारी बसायचं होतं.