वायर सैल नव्हती

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सात रस्त्याच्या चौकात लोक तुम्हाला अजून कारागीर म्हणतात. मला हसू येतं. बॅटरी उघडून सडक्या प्लेटी बदलायचं तुमच्या जिवावर यायचं, म्हणून जुन्याच बॅटरीत कडक ॲसिड ओतायचात. त्यानं मेलेली बॅटरीसुद्धा घटकाभर उड्या मारते. मग दोन टोकांना पाना टेकवून गिऱ्हाइकाला ठिणगी दाखवायची, "बगा, वाघ हाय वाघ!" दोन दिवसांत वाघ मेला की वर त्यालाच शहाणपण, "तुमाला वापरायला येत न्हाय."

माझ्या लग्नात स्पीकरवाल्याला तसलीच बॅटरी दिलीत. स्वतःच्या पोरीच्या लग्नात! दुकान घराला लागूनच. हळदीच्या अंगानं मी डोकावले, तर तुम्ही बाटली ओतताय. "प्लेटी बदला की," म्हटलं, तर म्हणालात, "चौथी शिकलीस, मला शिकवू नगंस." तिसऱ्या मंगलाष्टकाला भोंगा घरघरला आणि बंद. भटजी नुसते ओठ हलवतायत, मागच्यांना कळेना अक्षता कधी टाकायच्या, सासरचे फिदीफिदी हसतायत. तुम्ही भर मांडवात स्पीकरवाल्यावर ओरडलात, "वायर सैल हाय तुजी!" तो मान खाली घालून वायरी चाचपत बसला. मला सगळं माहीत होतं. अंतरपाटाआड मी गप्प उभी.

आता दुकान मी चालवते. प्लेटी बदलते, नाहीतर बॅटरी परत देते. आज तोच स्पीकरवाला आला, केस पिकलेत. उद्या वेळापूरला लग्नाची सुपारी, आणि ह्याची बॅटरी बसलेली.

"आक्का, जरा ॲसिड वता की. आप्पा वतायचे."

"आप्पांचं नाव काढू नगा हितं."

"आसं कसं? चूक माजीच हुती तवा. तुमच्या लग्नात माजी वायर सैल निगाली. आजून लाज वाटती बगा. तवापासनं दर मांडवात दोनदा वायरी तपासतो."

एवढं बोलून तो हसला. दुकानातली माझी चांगली बॅटरी उचलून मी त्याच्या सायकलीला बांधली. तो म्हणाला, "आप्पांचीच पोर!" शिवी दिल्यासारखं लागलं. तोंड उघडलं होतं मी, आणि म्हटलं काय, तर "बॅटरीतलं पाणी बगत जा."

तुमच्यावर कागदभर तोंड सोडलं, आप्पा. त्याला तीन शब्द सांगायचे होते, तेवढे माझ्या तोंडून निघाले नाहीत.