सगुणाचं गाऱ्हाणं

संगमेश्वर, जि. रत्नागिरी
१२ एप्रिल १९८७

चि. सहदेव यास मथुराताईचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून सुरेख आहे, मजकुराचं बोलायला नको. इकडे काजू बरा लागला, आंब्याने तोंड फिरवलं. गोदाला आणि पोरांना आशीर्वाद सांग.

पेटीला तू 'खेळणं' म्हटलंस. हेडक्लार्क झालास, पण ताटात काय वाढलंय ते न बघताच नाक मुरडायची खोड काही गेली नाही. शिमगा झाल्यावर रत्नागिरीच्या शिबिरात मुंबईच्या बाईंनी ती सगुणासाठी दिली. वर अक्षरांची घरं आहेत, त्यांवरून लाल दिवा सरकत जातो. आपल्या बहिणीचे हात आणि जीभ जन्मापासून तिचं ऐकत नाहीत, पण मान वळते. हव्या त्या अक्षरावर दिवा आला की ती गालाने पट्टी दाबते आणि दिवा थांबतो. एका वाक्याला भात शिजून होतो.

अक्षरं कुणी शिकवली म्हणून विचारशील. मी तुला पडवीत धडे द्यायचे तेव्हा ती तिथेच पडलेली असायची. तू उठून पळायचास, ती पळणार कुठे?

आता तिला आश्रमात ठेवायच्या तुझ्या बेताचं. शिमग्याला येऊन तू देवळात कौल लावलास. तिला बोलता येत नाही म्हणून तिच्या वतीने गाऱ्हाणंही तूच घातलंस, 'तिची जायची इच्छा आहे' म्हणून. देवीला लावलेली उजवी कळी पडली, म्हणजे होकार, आणि मे महिन्यात न्यायला येतो सांगून तू पेढे वाटून गेलास. देवीसमोर इतकं सफाईने खोटं बोलणारा आपल्या घरात तूच पहिला.

परवा मी सगुणाला पेटीसकट देवळात नेलं. गुरव कळी लावायला पुढे झाला तोच दिवा थांबायला लागला. एकेक अक्षर मी मोठ्याने वाचत गेले. 'देवीला नको. मला विचारा.'

भिवाकाका मानकरी वाकून म्हणाले, "इचारतो गो बाय. जायचं हाय काय तुला?"

'नाही.'

काका गुरवाकडे वळले. "फुलं ठेव खाली. जिचं गाराणं तिनं घातलंन. आदीचा कौल आमी धरीत नाय."

तेव्हा मे महिन्यासाठी गाडी ठरवू नकोस.

खरं तर इथेच थांबणार होते. पण पेटी आली त्या दिवशी तिने मला पहिलं जे सांगितलं, ते तुझ्याबद्दल होतं. बाबांच्या बाराव्याला तू तिच्या खाटेशी बसून गोदाला म्हणालास, 'बाबांऐवजी ही गेली असती तर सगळेच सुटलो असतो.' तिला काय कळतंय, असं तुम्हाला वाटलं. एवढी वर्षं ती ते वाक्य उशाला घेऊन पडली होती. मला तुझी किळस आली सहदेव, अजून येते.

मी तिला विचारलं, दादाला येऊच नकोस म्हणून कळवू का? तिने मान हलवली, नाही. मग पेटीवर तिने सांगितलं ते जसंच्या तसं खाली उतरवते. तेवढं होईस्तोवर उन्हं कलली होती.

'दादा, ये. खाटेशी बस. तेच परत म्हण. आता मी उत्तर देईन.'

लिहिणारी, मथुरा
सांगणारी, सगुणा