दोरीचं दुसरं कडं

२ तारीख, सोमवार

सर्र... टप, टप. सर्र... दादाच्या डाव्या बुटाचा हा आवाज चाळीस वर्षांनी आज पुन्हा कानात आला, आणि नवल म्हणजे बरं वाटलं. दादा डावा पाय किंचित घासत धावायचा. आई म्हणायची, वर्षाला तीन जोड फाडतोस, बाबा, आणि तिन्ही डावेच!

सराव-शिबिरातली खोली मनासारखी मिळाली. मैदानाच्या कडेलाच. खाट, टेबल, रुंद उंबरा, खिडकीतून धावपट्टीचे पांढरे पट्टे. इथले प्रशिक्षक, म्हणजे मास्तर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान; पण दरारा असा की बासष्टाव्या वर्षी मी पोट आत घेतलं. काम सोपं आहे: अंध धावपटूच्या सोबत धावायचं. हातभर दोरी, तिच्या दोन टोकांना दोन कडी. एक त्यांच्या बोटांत, एक माझ्या. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. आणि शेवटची रेषा धावपटूनं आधी ओलांडायची, सोबत्यानं मागून.

नियम मला पाठ आहे.

५ तारीख, गुरुवार

माझ्या वाट्याला टेलिफोनबाई आल्या. पन्नाशीच्या, जन्मापासून अंध. दवाखान्यातला टेलिफोन सांभाळतात म्हणून हे नाव. एकोणीस तारखेला प्रौढांची शंभर मीटर आहे. त्यांच्या आयुष्यातली पहिलीच शर्यत. हात हातात घेताच म्हणाल्या, गुरुजी, खडू अजून गेला नाही हो बोटांवरचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली मला!

सोबती धावताना अखंड बोलतो: सरळ, सरळ, दहा पावलं, रेषा. मला ती कटकट वाटली. सारी हयात वर्गात भुजंगप्रयात वृत्त घोकून घेतलं, लगागा लगागा लगागा लगागा. मुलांच्या डोळ्यांत झोप असायची, पण बाकाखाली पाय मात्र ठेका धरायचे. आज पावलं त्यातच बसवली. एक हलकं, दोन जड. बाईंना म्हटलं, माझ्या तोंडाकडे लक्षच देऊ नका, पायांकडे द्या. तिसऱ्या खेपेला दोघांचे पाय मिळून एकच आवाज. मास्तर कुरकुरले, यांना धावायला आणलंय की कवितेच्या तासाला? बाई म्हणाल्या, दिवसभर लोकांचे आवाजच ऐकते मी, इथं तरी सुटका होऊ द्या.

१० तारीख, मंगळवार

पोटऱ्या दगड झाल्यात. हल्ली थकवा झोपेनं जात नाही, नुसता कूस बदलतो.

बाईंनी विचारलं, याआधी कुणासोबत धावलात? भावासोबत, म्हटलं. उरलेलं इथं लिहितो. दादाची दृष्टी विसाव्या वर्षी गेली. मग मी त्याचा सोबती झालो. शेवटच्या शर्यतीत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. रेषा दिसली, आणि मी, मुळात एकट्यानं जिंकायची सवय असलेला, छाती पुढे टाकली. दादाच्या आधी. जोडी बाद.

दादानं शिवीसुद्धा दिली नाही. माझ्या बोटातलं कडं काढून घेतलं, एवढंच. पुढे तो पहाटे मोठ्या रस्त्यावर एकटाच धावू लागला, डाव्या पायानं रस्त्याची कड चाचपत. एके दिवशी ट्रक आला. दोरी त्याच्या मुठीत होती. दुसरं कडं रिकामं.

या बाईंना तरी नीट रेषेपार न्यायचं. मग पुरे.

१४ तारीख, शनिवार

घोटा मुरगळला. खानावळीच्या मावशींनी गरम पाण्याची पिशवी दिली, वर दोन शब्दही सुनावले. त्यांच्याकरवीच बाईंना निरोप धाडला, चार दिवस सराव बंद.

१५ तारीख, रविवार

दुपारी बाई डोकावल्या. भलत्या खुशीत. म्हणाल्या, निरोप पाठवता आणि स्वतःच हजर होता! काय धावलात आज! फक्त डावा पाय घासत होता, जपा.

मी सकाळपासून खाटेवरून उतरलो नव्हतो. तसं सांगितलं. त्या हसल्या. पायांनीही चेष्टा करता वाटतं, म्हणाल्या.

१६ तारीख

मास्तरांना विचारलं. त्यांनी लांबून पाहिलं होतं: बाई एकट्याच, उजवा हात थोडा बाहेर. धीट झाल्या म्हणून कौतुक वाटलं, म्हणाले. शेवटी पट्टी सोडून फाटकापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या.

दोरी लोंबत होती का, विचारलं. ते आठवू लागले. मग हळूच म्हणाले, नाही. ताणलेली होती.

फाटकापलीकडे मोठा रस्ता आहे.

१७ तारीख

लंगडत गेलो. बाई धावत होत्या, बाजूला कुणी नाही. ओरडलो, बाई, थांबा, मी इकडे आहे! मान वळली नाही. नंतर म्हणाल्या, कुणीतरी तुमचा आवाज काढत होतं, मी फसले नाही. धावताना तुम्ही बोलतच नाही ना.

मीच शिकवलं. तोंडाकडे लक्ष देऊ नका.

फाटकाला कुलूप घालायला मास्तरांना सांगितलंय.

१८, सकाळ

मावशी म्हणतात बाई धावायला गेल्या. दाराशी पाय घासल्याचा आवाज आला, तुम्हीच न्यायला आलात असं वाटलं —

फाटक उघडं. मास्तर रस्त्याकडे धावलेत. माझ्यानं पायरीही उतरवत नाही. ट्रकचा भोंगा. पुन्हा एक.

बाईंना नको. माझ्या चुकीसाठी त्यांना नको, दादा —

१८, थोड्या वेळानं

लगागा लगागा. जवळ येतंय. दारावर थाप. मास्तर असतील —

बाई! धडधाकट. बुटांना डांबर. उंबरा ओलांडून आत आल्या, धापा टाकत. हात मात्र मागे, दाराबाहेर. बाहेरच तोंड करून म्हणाल्या, कशी झाली फेरी, गुरुजी?

बाई, मी इथं आहे, टेबलापाशी.

त्या वळल्या. चेहऱ्यावरचं हसू विरलं. पुटपुटल्या, मग उंबऱ्याच्या रेषेपाशी मला पुढे सोडून मागे कोण थांबलंय?

धावपटू आधी. सोबती मागून. त्याला नियम पाठ आहे.

त्यांच्या मागे बघवत नाही म्हणून लिहितोय. दादा, मी चुकलो. तेव्हाच म्हणायला हवं

बाईंनी कडं सोडलं. दोरी खाली पडली नाही. रिकामं कडं माझ्या दिशेनं

उंबऱ्यावर डावा बूट — सर्र —